प्रकाशानं स्ट्रॉबेरी मोजताना: जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि हातातलं एनआयआर यंत्र, आठ महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबरच्या शेवटी स्ट्रॉबेरीची पहिली तोड आली आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या एका दुकानदारांचा निरोप आला. जॅम आवडलाय, दर महिन्याला घेऊ, फक्त बाटलीवर छापायला अँटिऑक्सिडंटचा आकडा द्या. पाचगणीच्या घाटाखाली आमचा जॅम, सिरप आणि पल्पचा घरगुती म्हणावा एवढाच कारखाना आहे. फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन मी त्यात आले, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं. कॉलेजात हे प्रयोग केले होते, पण तिथं यंत्र एक आणि आम्ही पाचजण. बटण दाबायची पाळी वर्षातून दोनदा यायची. स्वतःच्या फळांवर, रोज, महिनोन्‌महिने वापरल्यावर जे कळलं ते इथं लिहितेय. जांभूळ, करवंद, तुती, कोकम यांत काम करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

दोन यंत्रं वापरली. एक म्हणजे जुना, सिंगल बीम यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे अतिनील आणि दिसणाऱ्या प्रकाशाचा, १९० ते ११०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, एका मोटारसायकलच्या किमतीत मिळालेला. दुसरं हातात धरायचं एनआयआर यंत्र, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचं, ९०० ते १७०० नॅनोमीटरचं. ते महाग होतं, म्हणून आमच्या शेतकरी गटानं वर्गणी काढून घेतलं. निकाल आधीच सांगते. जुना डबा माझ्याकडेच राहणार, कुणी नवा देऊ केला तरी सोडणार नाही. हातातलं यंत्र गोडी बघायला चांगलं आहे, पण अँटिऑक्सिडंटसाठी मी त्याच्यावर विसंबत नाही. का, ते सविस्तर.

स्पेक्ट्रोफोटोमीटरचं काम समजायला सोपं आहे. एका ठरावीक रंगाचा प्रकाश एक सेंटीमीटर जाडीच्या द्रावातून जातो आणि पलीकडे किती पोचला ते यंत्र मोजतं. शोषण १ आलं तर दहावा हिस्सा प्रकाश पार गेला, २ आलं तर शंभरावा. रंगद्रव्य जितकं दाट तितकं शोषण जास्त, आणि ठरावीक मर्यादेत हे नातं सरळ रेषेत चालतं. दोनच्या पुढं मात्र पलीकडे पोचणारा प्रकाश इतका थोडा असतो की यंत्रात इकडून तिकडून भरकटलेला प्रकाशच त्याच्यावर मात करतो. डिसेंबरमध्ये घाईघाईत दाट अर्क ठेवून मी आकडे लिहून काढले होते. ते सगळे पान फाडून टाकावे लागले.

सगळ्यात जास्त वापरली ती अँथोसायनिन मोजायची पीएच-फरकाची पद्धत. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट. स्ट्रॉबेरीचा लाल, जांभळाचा जांभळा, करवंदाचा काळपट लाल, हे सगळे अँथोसायनिनचे रंग, आणि हेच रंगद्रव्य या फळांतलं एक महत्त्वाचं अँटिऑक्सिडंट. जांभळाचा डाग साबणानं धुतला की तो निळसर पडतो हे आपल्या सगळ्यांच्या आयांना माहीत आहे. ही पद्धत त्याच गुणावर उभी आहे. पीएच १ च्या द्रावात अँथोसायनिन लालभडक असतं, पीएच ४.५ ला जवळजवळ रंगहीन होतं. एकच अर्क या दोन्ही पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच हलू न देणाऱ्या द्रावांत, घालायचा, ५२० आणि ७०० नॅनोमीटरवर वाचायचा आणि वजाबाकी करायची. ७०० वर अँथोसायनिन काहीच शोषत नाही, तिथं दिसतो तो फक्त गढूळपणा, म्हणून तो वजा होतो. जॅम शिजवताना तयार झालेला तपकिरी रंग दोन्ही पीएचला सारखाच राहतो, म्हणून तोही वजा होतो. उरतं ते खरं, शाबूत अँथोसायनिन. इतक्या साध्या सामानात इतकं नेमकं उत्तर देणारी दुसरी पद्धत मला भेटली नाही. पोटॅशियम क्लोराइड, सोडियम ॲसिटेट, थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, एक बरा पीएच मीटर, झालं.

हिशेब एकदा करून दाखवते, कारण बहुतेकजण इथंच अडखळतात. १० ग्रॅम फळ वाटून १०० मिलिलिटर अर्क केला. त्यातला एक भाग चार भाग बफरमध्ये घातला, म्हणजे पाचपट पातळ. चार वाचनांची वजाबाकी समजा ०.५२ आली. तिला सायनिडिन-३-ग्लुकोसाइडच्या, म्हणजे हिशेबासाठी प्रमाण धरलेल्या अँथोसायनिनच्या, रेणुभारानं (४४९.२) गुणायचं, मग ५ नं, मग १००० नं, आणि त्याच अँथोसायनिनच्या प्रकाश शोषायच्या ठरलेल्या आकड्यानं, २६,९०० नं, भागायचं. उत्तर साधारण ४३.४ मिलिग्रॅम प्रति लिटर अर्क. आपण १० ग्रॅमचे १०० मिलिलिटर केलेत, त्यामुळे १०० ग्रॅम फळामागे मिलिग्रॅमचा आकडाही तोच. हे प्रमाण ठेवलं की रोजचं डोकं वाचतं. अर्क बफरच्या एकूण मिश्रणात पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, नाहीतर फळाचं आम्ल बफरला हलवतं. मिश्रण केल्यावर २० ते ५० मिनिटांत वाचन उरकायचं. आणि शोषण ०.२ ते १.४ यांच्या बाहेर गेलं तर पुन्हा पातळ करायचं.

यातली एक गोष्ट मला जानेवारीत उमगली. आकडा सायनिडिनच्या हिशेबात येतो, पण स्ट्रॉबेरीचं मुख्य अँथोसायनिन पेलार्गोनिडिन-३-ग्लुकोसाइड आहे. त्याचा शोषणाचा माथा ५२० वर नसतो, ५०० च्या आसपास असतो. म्हणून स्ट्रॉबेरी आणि तुती एकाच सूत्रानं मोजून शेजारी ठेवल्या की तुतीला, जी खरोखर सायनिडिनवाली आहे, तिचं पुरतं माप मिळतं आणि स्ट्रॉबेरीला थोडं हात आखडून मिळतं. आता मी स्ट्रॉबेरीची तुलना स्ट्रॉबेरीशीच करते. विंटर डॉन वाण विरुद्ध स्वीट चार्ली वाण, डिसेंबरची तोड विरुद्ध मार्चची तोड. तेवढ्यासाठी ही पद्धत उत्तम आहे.

डीपीपीएच या रंगीत रसायनानं अँटिऑक्सिडंटची एकूण ताकद मोजायची दुसरी पद्धत आहे, तिच्याबद्दल माझं मत एवढं चांगलं नाही. दिसायला प्रयोग सुरेख आहे. गडद जांभळं द्राव, त्यात फळाचा अर्क टाकला की हळूहळू पिवळं पडतं आणि ५१७ नॅनोमीटरवर त्याची उतरण मोजायची. पण ५१७! आपलं लाल अँथोसायनिन नेमकं त्याच पट्ट्यात शोषतं. जांभूळ किंवा करवंदाचा अर्क घातला की एकीकडे डीपीपीएचचा रंग उतरतो आणि दुसरीकडे फळ स्वतःचा रंग भरतं. यंत्राला दोन्ही एकच दिसतं. प्रत्येक नमुन्यासाठी डीपीपीएच न घातलेला वेगळा कोरा नमुना ठेवून वजा केल्याशिवाय तो आकडा धरायचा नाही. शिवाय डीपीपीएच उजेडात खराब होतं, रोज ताजं करावं लागतं, आणि सगळं मिथेनॉलमध्ये. मिथेनॉल विष आहे. आमच्या कारखान्याच्या छताखाली मी ते आणलंच नाही. अंगणापलीकडची जुनी खोली रिकामी करून तिथं पंखा बसवला. तिथली भांडी तिथंच राहतात आणि तिथं गेलेलं फळ परत स्वयंपाकाकडे येत नाही. लाल फळांसाठी एबीटीएस ही तशीच, पण वेगळ्या रसायनाची पद्धत बरी वाटली. तिचं वाचन ७३४ वर होतं, जिथं अँथोसायनिन मधे येत नाही. फक्त ती आदल्या रात्री भिजत घालावी लागते, पोटॅशियम परसल्फेटबरोबर बारा-सोळा तास अंधारात. सवय झाली की डाळ भिजत घालण्याइतकंच ते.

फोलिन-सियोकाल्त्यू ही एकूण फिनॉल (अँथोसायनिन ज्यात मोडतं तो अँटिऑक्सिडंटांचा मोठा गट) मोजायची निळ्या रंगाची पद्धत तर सगळेच करतात. मूळची १९२७ सालची, प्रथिनांतलं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन शोधायला केलेली. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी तिला वाइनमधल्या फिनॉलसाठी आजचं रूप दिलं. तुलनेसाठी गॅलिक आम्लाच्या माहीत असलेल्या प्रमाणांची रेषा काढायची, सोडियम कार्बोनेट घालून दोन तास थांबायचं, ७६५ वर वाचायचं. आकडे फार सुबक येतात, तीन वेळा केलं तर तिन्ही सारखे. अडचण अशी की हे द्राव फिनॉललाच ओळखतं असं नाही. ज्याच्याजवळ द्यायला इलेक्ट्रॉन आहे त्या सगळ्यांना ते निळं होऊन उत्तर देतं. स्ट्रॉबेरीत १०० ग्रॅमला पन्नास-साठ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, ते सगळं इथं फिनॉल म्हणून मोजलं जातं. जॅममधली साखर, शिजताना झालेले तपकिरी पदार्थ, तेही थोडाथोडा हातभार लावतात.

या सगळ्या उद्योगातली माझ्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट इथंच सापडली. डिसेंबरच्या एकाच घाण्याच्या बाटल्या मी तीन ठिकाणी ठेवल्या होत्या. काही फ्रिजमध्ये, काही कपाटात आणि काही दुकानासारख्या उजेडाच्या फळीवर. दर पंधरा दिवसांनी एकेक उघडून मोजत गेले. मार्च संपता संपता फळीवरच्या बाटल्यांमधलं अँथोसायनिन निम्म्याच्याही खाली गेलं. डोळ्यांनाही दिसत होतं, लाल जाऊन विटकरी आलं होतं. फ्रिजमधल्या बाटल्या बऱ्याच टिकल्या. आणि फोलिनचा आकडा? तो जवळजवळ जागचा हलला नव्हता. मी दोनदा करून पाहिलं, नवीन रसायन आणून तिसऱ्यांदा केलं. तेच. मग लक्षात आलं की रंग मोडून जे तयार झालं तेही फोलिनला निळं करतंच. म्हणजे बाटलीवर मी फोलिनचा आकडा छापला असता तर तो डिसेंबरलाही खरा आणि मार्चलाही खरा ठरला असता, आणि घेणाऱ्याच्या हातात मात्र विटका जॅम गेला असता. त्या दिवसापासून मी जॅमसाठी अँथोसायनिनच धरते. त्यावरून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पल्प लहान घाण्यात, कमी वेळ शिजवतो. आणि रंग टिकावा म्हणून वरून क जीवनसत्त्व घालायचा विचार सोडून दिला, कारण ते अँथोसायनिनच्या मोडतोडीला उलट वेग देतं.

आता हातातल्या यंत्राकडे येते. लाल रंगाच्या पलीकडेही किरण असतात हे विल्यम हर्शेलना १८०० मध्ये थर्मामीटरनं कळलं. फळा-धान्यांत काय आहे ते या किरणांनी ओळखायचं तंत्र अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात उभं केलं. यंत्र फळाला टेकवायचं, दोन सेकंदांत वक्ररेषा येते, फळ जसंच्या तसं राहतं. कापायचं नाही, रसायन नाही, वाट बघणं नाही. शेतात बसून करता येतं. हे मोठं सुख आहे आणि ते मी नाकारत नाही.

पण एनआयआर यंत्र अँटिऑक्सिडंट पाहत नाही. ते पाहतं पाणी, साखर, आम्ल यांच्यातल्या हायड्रोजनच्या बंधांची कंपनं. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ९७० आणि १४५० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचे पट्टे डोंगरासारखे उभे राहतात, आणि मिलिग्रॅमातलं अँथोसायनिन त्या डोंगराच्या सावलीतला एक खडा. मग यंत्र आकडा देतं तो कुठून? आपण प्रयोगशाळेत मोजलेली फळं त्याला दाखवतो आणि गणित त्यातून नातं शोधतं. पिकलेलं फळ गोड असतं आणि लालही असतं, म्हणून गोडीवरून ते लालीचा अंदाज करतं. नातं टिकलं तोवर अंदाज बरोबर.

विकणाऱ्यांनी सांगितलं होतं की यंत्रात अँटिऑक्सिडंटचा स्कोअर तयारच आहे. तो कुठल्या फळांवर, कुठल्या वाणावर बसवलाय, हे दोन महिने विचारूनही कळलं नाही. म्हणून तो बाजूला ठेवून मी आमच्याच फळांवर नवं मॉडेल बांधलं. डिसेंबर-जानेवारीत विंटर डॉनची सव्वाशेच्या वर फळं आधी यंत्रानं आणि मग एकेक कुटून पीएच-पद्धतीनं मोजली. कंबर मोडली, पण त्या वाणावर अंदाज बरे येऊ लागले. फेब्रुवारीत भिलारच्या एका आबांच्या वाफ्यातली स्वीट चार्ली मोजली आणि सगळं कोसळलं. फळं गोड होती, रंगाला फिकी होती, यंत्र मात्र भरघोस आकडा देत सुटलं. आबा शेजारीच उभे होते. फळ हातात फिरवत म्हणाले, "पोरी, गोड हाय म्हणून लाल हाय असं कसं म्हणायचं?" मी आठवडाभर जे आलेखात शोधत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

तापमानाचाही जाच आहे. पाण्याचे पट्टे तापमानाबरोबर सरकतात. सकाळी सहाच्या गारठ्यात तोडलेलं फळ आणि दुपारी उन्हात तापलेलं तेच फळ, यंत्राच्या लेखी दोन वेगळी फळं. आता फळं तासभर सावलीत एका तापमानाला येऊ देते, मगच टेकवते. पांढरी संदर्भ-चकती दर वीस फळांनी वाचायची. ती मळली तर सगळे आकडे एकाच बाजूला झुकतात आणि पत्ताही लागत नाही. आणि एका फळाला एक वाचन पुरत नाही. उन्हाची बाजू आणि मल्चिंगला टेकलेली बाजू यांत फरक असतो, मी तीन जागी घेऊन सरासरी काढते.

एवढं सगळं सांभाळल्यावर गोडीसाठी मात्र ते यंत्र पैसे वसूल करतं. ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या गोडीच्या मापाचा, अंदाज ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या जवळ राहतो, फळ वाया जात नाही, आणि कोणतं क्रेट बाजाराला आणि कोणतं पल्पला हे गटातली कुणीही बाई ठरवू शकते. त्यासाठी घेतलं असेल तर जरूर घ्या. अँटिऑक्सिडंटसाठी घ्यायचं असेल तर आधी शेजारी एक स्पेक्ट्रोफोटोमीटर असायला हवा, आणि तो असेल तर मग घाई कशाची?

जुन्या डब्याच्या कुरबुरीही सांगायला हव्यात. चालू केल्यावर अर्धा तास दिवा स्थिरावेपर्यंत वाचन घ्यायचं नाही. आमच्याकडची वीज जाते-येते, म्हणून चांगला यूपीएस लागला. साध्या इन्व्हर्टरवर शून्य सारखं हलायचं. दृश्य प्रकाशाचं सगळं काम टंगस्टन-हॅलोजन दिव्यावर होतं, त्यामुळे अतिनील भागाचा ड्युटेरियम दिवा मी बंदच ठेवते. त्याचं आयुष्य हजारेक तासांचं असतं आणि नवा महाग पडतो. दृश्य भागात काचेचे क्यूवेट, म्हणजे द्राव भरायच्या छोट्या चौकोनी नळ्या, चालतात, क्वार्ट्झ लागत नाही, हे माहीत नसल्यामुळे सुरुवातीला उगाच खर्च केला. क्यूवेट धरायचा तो घासलेल्या बाजूंनीच. पारदर्शक बाजूला बोटाचा ठसा लागला की तोही फळाच्या खात्यात जमा होतो. स्ट्रॉबेरीतलं पेक्टिन अर्क गढूळ करतं, गाळणकागदावर भागत नाही, गरगर फिरवून गाळ खाली बसवणारा छोटा सेंट्रिफ्यूज लागतोच. तरंगलांबी बरोबर आहे का हे महिन्यातून एकदा होल्मियमच्या काचेनं बघते, तिचे शोषणाचे माथे ठरलेल्या जागी असतात. ३६१ आणि ५३६ च्या माथ्यांवर नजर ठेवली की पुरतं.

एप्रिल-मेमध्ये स्ट्रॉबेरी संपल्यावर मी डोंगरची मैना आणि मग जांभूळ मोजायला घेतलं. करवंदाचा चीक अर्काला घोळवतो, त्याला दोनदा फिरवावं लागतं. जांभळाच्या सालीचा अर्क इतका दाट की पाचपटीऐवजी पन्नासपट पातळ करावा लागला. गर आणि साल वेगळी मोजली तर रंगाचा जवळजवळ सगळा साठा सालीत निघाला. आपण सिरप गाळताना नेमकी तीच साल फेकतो. आता साल आधी थोड्या आम्लयुक्त पाण्यात उकळून घेतो.

पुण्याच्या दुकानदारांना शेवटी काय दिलं? अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१२ मध्ये आपली ओआरएसी तक्ता-यादी, म्हणजे खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट ताकदीच्या आकड्यांची यादी, संकेतस्थळावरून काढून टाकली. ते आकडे जाहिरातीसाठी वापरले जात होते आणि परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध लागत नाही, हे कारण होतं. ते मी त्यांना समजावून सांगितलं. बाटलीवर अँटिऑक्सिडंटचा आकडा आम्ही छापला नाही. त्याऐवजी घाण्याची तारीख, वाण, आणि "उजेडापासून दूर, फ्रिजमध्ये ठेवा, चार महिन्यांत संपवा" एवढं छापलं. सोबत प्रत्येक घाण्याचा अँथोसायनिनचा कागद देते, मोजल्याच्या तारखेसह. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग दुकानातली जॅमची फळी खिडकीपासून हलवली.

पाऊस लागलाय. खोलीतली दमट हवा आरशांवर बुरशी धरेल म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात. गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून निळ्या करते. डीप फ्रीजरमध्ये यंदाच्या प्रत्येक तोडीचं पाव किलो फळ तारीख-वाण लिहून ठेवलंय, नोव्हेंबरच्या पहिल्या तोडीशेजारी ठेवून मोजायला.